वॉटर पेपर मारून झाला, आता पॅड कुठला?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. बोलताना सतत येणारं माझं "म्हणजे काय की" काढून टाकलंय, बाकी तेच.

विषय बाबांच्या गाडीचा. आम्ही राहतो पिरंगुटजवळ, मी नोकरीला हिंजवडीत. पावसाळ्यात आंब्याची फांदी बॉनेटवर पडली. डेंटिंग-पेंटिंग करून गाडी घरी आली आणि बाबा बॉनेटकडे बघून काहीच बोलले नाहीत. काळा मेटॅलिक रंग, त्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आणि मधेमधे अडकलेले धुळीचे कण. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी करते." बीटेक झालेल्या माणसाला यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघितले की सगळं येतं, असा माझा समज होता.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आजकालच्या गाडीवर खाली रंग असतो आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक सगळी त्या क्लिअरची. कंपनीतून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन जाडी असते, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी. त्यातला क्लिअर साधारण ३५ ते ५०. वॉटर पेपर मारताना हाच थर तुम्ही घासून कमी करता, आणि मग त्या पेपरचे ओरखडे काढायला मशीन आणि कंपाउंडनं आणखी थोडा कमी करता. घासलेला क्लिअर परत येत नाही. इथे अनडू नाही.

मी पी १५०० चा पेपर मारला, बॉनेट दुधाळ दिसायला लागलं, आणि थेट पॉलिशकडे वळले. इंटरनेटवर सगळीकडे सांगतात की सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरू करा. म्हणून मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश घेतलं. एक तासानं बॉनेट चकाचक. बाबांनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. चार दिवसांनी गाडी शाम्पूनं धुतली, उन्हात लावली, आणि पेपरच्या सगळ्या रेघा परत हजर!

झालं काय होतं? पॉलिशमध्ये तेलकट घटक असतात. ते रेघांमध्ये भरून बसतात आणि ओरखडा गेल्यासारखा वाटतो. तो गेलेला नसतो, झाकलेला असतो. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून पुसून बघायचं. मग मोबाइलची टॉर्च तिरकी धरायची. ट्यूबलाइटखाली काहीच कळत नाही.

सौम्यपासून सुरुवात हा नियम खोटा नाही हं. साध्या धुण्याच्या बारीक रेघांसाठी तो बरोबर आहे. पण पेपर मारलेल्या रंगावर तुम्हाला ओरखडा किती खोल आहे ते आधीच माहिती असतं, कारण तो तुम्हीच पाडलाय. पी १५०० च्या पेपरवरचा कण साधारण १२-१३ मायक्रॉनचा, पी २००० चा साधारण १०, आणि ३००० चा त्याहून बराच बारीक. मऊ फोमनं १५०० ची रेघ काढायला बसलात तर तीच जागा दहा-दहा वेळा फिरवावी लागते, रंग तापतो, आणि हाती काही लागत नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. रोटरी मशीन, लोकरीचा पॅड, जाड कंपाउंड. रेघा खरंच भराभर गेल्या. मी खूश. बॉनेटच्या मधल्या कडेवरून मशीन फिरवलं आणि पांढऱ्या लोकरीवर काळा डाग दिसला. एका सेकंदात कडेवरचा क्लिअर संपून खालचा रंग आला होता. बाबा बाजूलाच खुर्चीवर बसले होते. "राहू दे," एवढंच म्हणाले. मला ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

हा काळा डाग लक्षात ठेवा. क्लिअर घासताना पेपरचं पाणी आणि पॅड दोन्ही पांढरट दिसतात. गाडीचा रंग उतरायला लागला तर तिथेच थांबा. (जुन्या गाड्यांवर वेगळा क्लिअर नसलेला एकाच थराचा रंग असतो, तिथे पॅडला रंग लागणं नॉर्मल आहे. आपली गाडी कुठली ते आधी माहिती हवं.) कडा आणि उठावाच्या रेषांवर रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीनचा सगळा दाब तिथेच येतो. म्हणून तिथे मास्किंग टेप लावायची, शेवटी काढून हातानं हलकंसं करायचं. प्लॅस्टिकचा बंपर पत्र्यापेक्षा लवकर तापतो, तिथे तर अजूनच जपून. जाडी मोजायचं गेज मिळतं, पण साधं गेज एकूण जाडी सांगतं, एकट्या क्लिअरची नाही, आणि प्लॅस्टिकवर चालत नाही.

बॉनेट परत रंगवावं लागलं. या वेळी पौडकडच्या एका पेंटरकाकांकडे दिलं. त्यांना माझी सगळी कहाणी सांगितली, तर ते हसले आणि म्हणाले, "ताई, पेपरवर अजून अर्धा तास द्या, मशीनवर दोन तास वाचतील." मी पॅड आणि कंपाउंडची तुलना करत बसले होते, आणि उत्तर त्याच्या आधीच्या स्टेपमध्ये होतं.

म्हणजे असं: धुळीचा कण काढायला २००० लागला तर तेवढ्याच जागेवर मारा. मग आडव्या रेघांवर उभा, असा २५००, आणि शेवटी ३०००, शक्यतो मऊ फोमच्या आधारावर. आधीच्या पेपरची एकही रेघ उरता कामा नये. बादलीतलं पाणी बदलत राहा, वाळूचा एक कण सगळी मेहनत घालवतो. आमच्याकडे खडी क्रशर आणि रस्त्यांच्या कामांची धूळ एवढी आहे की दुपारी उघड्यावर हे काम करूच नका.

३००० पर्यंत आलात की पॅड निवडणं सोपं होतं. नवशिक्यांनी ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत. रोटरी एकाच अक्षावर फिरतं, एका जागी उष्णता साठवतं. ड्युअल अ‍ॅक्शन फिरता फिरता डुलतं, त्यामुळे चूक करायला जरा वेळ देतं. त्यावर मायक्रोफायबरचा कटिंग पॅड किंवा कडक फोम आणि एक कटिंग कंपाउंड. मग मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश. १५०० किंवा २००० वरच थांबला असाल तर मात्र लोकर किंवा मायक्रोफायबर लागणारच, आणि त्यानं पडलेला धुरकटपणा काढायला मधे आणखी एक टप्पा.

पॅडच्या रंगावर जाऊ नका. रुपेसचा पिवळा फोम बारीक फिनिशिंगचा, आणि लेक कंट्रीच्या सीसीएस मालिकेतला पिवळा कडक कटिंगचा. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक! कंपाउंडमध्येही दोन जाती. एकातले कण घासता घासता फुटून बारीक होतात, म्हणून ते पूर्ण वेळ फिरवावं लागतं. दुसऱ्यातले कण फारसे बदलत नाहीत, मेग्वायर्सचं एम १०५ त्यातलं. तिथे रेघ गेली की थांबायचं, उगाच फिरवत बसायचं नाही.

पद्धत सरळ आहे. दीड-दोन फुटांचा चौकोन, मटाराएवढे तीन-चार थेंब, हात अगदी सावकाश. बॅकिंग प्लेटवर मार्करनं एक रेघ काढा. पॅड फिरायचा थांबला, तर ती रेघ लगेच दाखवते. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं साफ करा, भरलेला पॅड कापत नाही, फक्त तापतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला: पॅड किंवा कंपाउंड. दोन्ही एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळणार कसं? आम्ही कोड असाच डीबग करतो.

पावसाळ्यातल्या रंगाबद्दल वेगळं सांगते. आमच्या मुळशीच्या दमट हवेत नवा रंग लवकर सुकत नाही. आत सॉल्व्हंट राहिलं असेल तर आज गुळगुळीत केलेला रंग काही आठवड्यांनी बसतो आणि रेघा पुन्हा दिसतात. पेपरवर रंगाच्या गोळ्या व्हायला लागल्या तर तो अजून कच्चा आहे, थांबा. काकांनी मला दिवाळीपर्यंत थांबवलं. वॅक्स किंवा सिरॅमिकही लगेच नको, रंगाला श्वास घेऊ द्या.

मधल्या काळात मी भंगारातून एक जुनं बॉनेट आणून त्यावर हात बसवला. ते मी आधीच करायला हवं होतं. दिवाळीनंतर बाबांच्या गाडीला ३००० मारला, कडांना टेप लावली, मायक्रोफायबर आणि मग मऊ फोम. अल्कोहोलनं पुसून टॉर्च मारली. एका कोपऱ्यात दोन रेघा अजून आहेत. त्या जागी क्लिअर पातळ वाटला म्हणून सोडून दिल्या. बाबांना त्या दिसतात, पण पाहुण्यांना दाखवत नाहीत.

पुढच्या एपिसोडमध्ये पिवळे पडलेले हेडलाइट. तुमच्या बॉनेटचे फोटो पाठवा, पण टॉर्च तिरकी धरून काढलेले.