ओवेन्स खोऱ्याचा १९०७ चा स्थलनिर्देशक नकाशा

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेस सिएरा नेवाडा व इन्यो या पर्वतरांगांमध्ये ओवेन्स नदीचे चिंचोळे खोरे आहे. सिएरा नेवाडाच्या पर्जन्यछायेमुळे हा प्रदेश उंचावरील वाळवंटच ठरतो. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने १:१,२५,००० या प्रमाणावर काढलेल्या 'माउंट व्हिटनी' या पत्रकाची १९०७ ची आवृत्ती खोऱ्याच्या दक्षिण भागाचा महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

पत्रकाच्या पश्चिम भागात समोच्च रेषा अत्यंत दाट आहेत. ४,४२१ मीटर उंचीचे व्हिटनी शिखर आणि सुमारे १,१३६ मीटरवरील लोन पाइन गाव यांतील सरळ अंतर जेमतेम २० किलोमीटर. शिखरांवरील बर्फ वितळून लहान ओढे या उतारावरून खाली येतात आणि पायथ्याच्या पंखाकृती मैदानांवर पसरतात. लोन पाइन आणि इंडिपेंडन्स ही दोन्ही गावे अशा ओढ्यांच्याच आश्रयाने वसली. पावसावर येथे शेती होत नाही. म्हणून वस्तीचा शोध निळ्या रेषांवरूनच घ्यावा लागतो.

मात्र पाणी कोणाच्या मालकीचे, हे समोच्च रेषा सांगत नाहीत. लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी १९०५ मध्येच येथील जमिनी व त्यांसोबतचे जलहक्क मिळविण्यास आरंभ केला होता. नकाशा छापला गेला तेव्हा खोऱ्याचे भवितव्य बव्हंशी ठरलेले होते, आणि कागदावर त्याची खूण नाही! इंडिपेंडन्सच्या उत्तरेस नदीचे पाणी वळविणारा सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग १९१३ मध्ये पूर्ण झाला.

पायूट लोक या भूमीला 'वाहत्या पाण्याची भूमी' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. गोऱ्या वसाहतकारांपूर्वीच खोऱ्याच्या उत्तर भागात त्यांनी पाट काढून रानवनस्पतींना पाणी दिले होते. १८६३ मध्ये सैन्याने त्यांच्यापैकी अनेकांना फोर्ट टेहोन येथे हलविले. अशा इतिहासासाठी नकाशाला अन्य साधनांची जोड अपरिहार्य ठरते.

दोन इंग्रजी नावांच्या मध्ये, जॉर्जेस क्रीकजवळ, १९०७ च्या पत्रकात मान्झानार आढळणार नाही. सफरचंदांच्या बागांचे हे गाव १९१० मध्ये वसले. १९२९ पर्यंत लॉस एंजेलिसने तेथील जमीन घेतल्यावर ते ओस पडले. आणि १९४२ ते १९४५ या काळात तेथेच जपानी वंशाच्या सुमारे दहा हजार लोकांना बंदिस्त ठेवण्यात आले. दोन वेगवेगळ्या वस्त्या, एकच जागा.

पत्रक दक्षिणेस ३६° ३०′ अक्षांशापाशी संपते. ओवेन्स सरोवराचा बहुतांश भाग त्यापलीकडे येतो. नदीचे पाणी वळविल्यानंतर १९२० च्या दशकात ते आटले. त्याच्या कोरड्या, क्षारयुक्त तळावरून उडणारी धूळ दडपण्यासाठी २००१ पासून लॉस एंजेलिसला काही भागांत पुन्हा उथळ पाणी सोडावे लागले.