भांड्यावरचा थेंब

घासलेल्या काचेच्या पेल्यावर पाणी ओता आणि नीट पाहा. पाणी सलग पसरून उतरले तर पेला खरोखर स्वच्छ. ठिकठिकाणी फाटून त्याचे थेंब झाले, तर डोळ्यांना न दिसणारे तेल अजून तिथे आहे असे समजा. वास घेऊन पाहण्यापेक्षा ही परीक्षा आम्हाला अधिक भरवशाची वाटते.

यात दोन ओढी असतात. पाण्याचे कण एकमेकांना ओढतात आणि ज्यावर ते पडतात तो पृष्ठभागही त्यांना ओढतो. काचेची ओढ जबर, म्हणून थेंब आडवा होतो. तेलामेणाची ओढ कमी, म्हणून तो अंग आखडून घेतो. हाताला तेल लागलेले असताना वुजूचे पाणी मोती होऊन घसरते, ते यामुळेच. अळूच्या पानावर मेणाबरोबर अतिसूक्ष्म उंचवटेही असतात. थेंब त्यांच्या टोकांवर टेकतो, पान कोरडे राहते. साबण पाण्याच्या कणांची आपसांतली ओढ सैल करतो, मग पाणी तेलकट जागेवरही पसरते. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्याचा हिशेब इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला.

पण आम्हाला खरे तर सांगायचे आहे ते आग्नेस पोकेल्स यांच्याविषयी. जन्म १८६२, राहणार जर्मनीतील ब्राउनश्वाइग. तेव्हा तिथल्या विद्यापीठांची दारे मुलींना बंद. आजारी आईवडिलांची सेवा आणि घरकाम हाच दिवस. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याच्याकडून पुस्तके मिळत. भांडी घासताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो हे त्यांनी हेरले. पत्र्याचे पसरट भांडे, त्यावर सरकवायची पत्र्याची पट्टी, एक लहानसा तराजू, एवढ्यावर त्यांनी वर्षानुवर्षे मोजमापे केली. ती छापणार कोण? अखेर १८९१ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. रॅले स्वतः याच विषयावर काम करत होते. ते पत्र बाजूला ठेवू शकले असते, किंवा (असेही घडते) आपल्या नावावर वापरू शकले असते. त्यांनी ते ‘नेचर’कडे पाठवले आणि त्याच वर्षी ते आग्नेस यांच्या नावाने छापले गेले.

पुढे १९१४ मध्ये त्यांनी घन पदार्थांवर द्रव कसे पसरतात आणि कडेचा कोन काय असतो, यावरही निबंध लिहिला. ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९३२ मध्ये. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या.