छर्‍यांच्या घनतेविषयी

पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास अमेरिकेत १९९१ साली देशभर मनाई झाली. तळ्याच्या गाळात पडलेले छर्रे बदके खड्यांबरोबर गिळत, पोटात ते झिजत आणि शिशाचे विष भिनून पक्षी झुरून मरत, हे त्या मनाईचे सर्वस्वी न्याय्य कारण होते. परंतु शिशाची जागा घेणार्‍या धातूंविषयी काडतुसांच्या जाहिरातींनी ज्या भ्रामक समजुती रुजविल्या, त्यांचा परामर्श घेणे अगत्याचे आहे.

वेष्टनावर ‘टंगस्टन’ हे नाव ठळकपणे छापलेले दिसले की छर्रा शिशाहून जड असणारच, ही त्यांतील सर्वांत दृढ समजूत. शुद्ध टंगस्टनची घनता घन सेंटिमीटरास १९.३ ग्रॅम, शिशाची ११.३ आणि पोलादाची सुमारे ७.८, हे खरे. पण वजनाने निम्मे टंगस्टन व निम्मे लोखंड एकत्र केले, तर ग्राहक मनाशी सरासरी काढून साडेतेराची अपेक्षा धरतो आणि हाती येते जेमतेम ११.२, कारण हलक्या लोखंडाने मिश्रणाची बहुतेक जागा व्यापलेली असते. टंगस्टन या एकाच नावाखाली साडेदहापासून अठरापर्यंत घनतेचे छर्रे विकले जातात, तेव्हा घनतेचा आकडा न छापणे ही माझ्या मते फसवणूकच होय.

हा आकडा महत्त्वाचा अशासाठी, की हवेचा रोध छर्‍याच्या छेदक्षेत्रावर आणि वेग टिकविण्याची शक्ती त्याच्या वस्तुमानावर अवलंबून असल्यामुळे अखेर व्यास आणि घनता यांचा गुणाकारच निर्णायक ठरतो. म्हणून अठरा घनतेचा दोन मिलिमीटरांचा छर्रा शिशाच्या ३.३ मिलिमीटरांच्या छर्‍याची जवळजवळ बरोबरी करतो. याउलट, पोलादी छर्रा दोन क्रमांकांनी मोठा घेतला की शिशाची उणीव भरून निघते, हे आश्वासन अर्धसत्य आहे, ३.८ मिलिमीटरांच्या पोलादी छर्‍याचे वजन त्या शिशाच्या छर्‍याएवढे भरते खरे, परंतु उपरोक्त गुणाकार चार पंचमांशांवरच थांबतो.

तांब्याच्या मुलाम्याने घनतेत नाव घेण्याजोगी वाढ होत नाही, आणि मुलाम्याखालचे शिसे विषारीच राहते. सरकारी मंजुरीचा हवाला देऊन छर्‍याच्या मारकशक्तीची ग्वाही देणेही गैर आहे. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याची मंजुरी तो विषारी नाही एवढ्यापुरतीच असते.

छर्रे मापात ओतून घनता ठरवू पाहणाराही चुकतो, कारण गोल कणांमधील पोकळीच मापाचा तिसरा हिस्सा किंवा अधिक व्यापते. शंभर ग्रॅम सुटे छर्रे खुणा केलेल्या काचनळीतील पाण्यात सोडून बुडबुडे निघून जाऊ द्यावेत. पाणी नऊ मिलिलिटरांनी चढले तर घनता शिशाएवढी, पावणेतेरांनी चढले तर पोलादाएवढी, आणि साडेपाचांच्या आसपास थांबले तरच अठराचा दावा खरा.