बाणाची पिसे : सरळ की पिळदार?

बाणास पिसे लावितात ती शोभेकरिता नव्हेत. त्यांच्या योगाने बाणाचे टोक लक्ष्याकडे राहते. पिसे पिळदार बसविल्यास वारा त्यांवर तिरपा आदळतो, बाण भोवऱ्याप्रमाणे फिरतो व सुटतानाचा डळमळाट लवकर शमतो; परंतु काही वेग खर्ची पडतो. सरळ पिसे वेग राखितात, पण तिरंदाजाची चूक कमी सावरतात.

छपराखालील स्पर्धेत लक्ष्य १८ मीटरांवरच असल्याने वेगाची हानी जाणवत नाही. तेथे पीळ हितकर. शिकारीच्या बाणाचे रुंद पाते वारा धरून त्यास भरकटविते. त्यासही पीळ हवा. टोक निमुळते, हात सरावलेला व पल्ला दूरचा असेल, तर सरळ पिसे लावण्यास हरकत नाही.

मात्र एका बाणाची सर्व पिसे पक्ष्याच्या एकाच बाजूच्या पंखातील असावीत. कारण डाव्याउजव्या पिसांचा बाक परस्परविरुद्ध असतो, आणि पीळही त्या बाकाच्याच दिशेने द्यावयाचा असतो.