वर्गणीतून सुटलेले ब्लेंडर (मुक्त सॉफ्टवेअरचे अर्थकारण : भाग ४)

२००२च्या सुरुवातीला ‘नॉट अ नंबर’ या डच कंपनीच्या गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला आणि कंपनीचे काम थांबले. त्रिमितीय चित्रे आणि अ‍ॅनिमेशन तयार करणारे तिचे ब्लेंडर हे सॉफ्टवेअरही त्याबरोबर बुडणार होते. वापरणारे जगभर पसरलेले, पण सोर्स कोड कंपनीच्या ताब्यात.

ब्लेंडरचे कर्ते टॉन रोझेंदाल यांनी गुंतवणूकदारांपुढे वेगळाच व्यवहार मांडला : एक लाख युरो घ्या आणि कोड मोकळा करा. पैसे कोण देणार? ब्लेंडर वापरणारेच. ब्लेंडर फाउंडेशन स्थापन झाले, जुलैत वर्गणी सुरू झाली. प्रकल्पांसाठी लोकांकडून पैसे गोळा करणारे किकस्टार्टर हे संकेतस्थळ जन्माला यायला तेव्हा आणखी सात वर्षे होती. तरीही अवघ्या सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली. देणाऱ्यांत बंद पडलेल्या कंपनीचे जुने कर्मचारीसुद्धा होते. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले.

याचे सगळे श्रेय लोकांच्या उदारपणाला देणे बरोबर नाही. मागणीच नेमकी होती. आकडा ठरलेला, वस्तू रोजच्या वापरातली आणि पैसे जमले की काय हाती येणार, हेही स्पष्ट. २००६ साली प्रदर्शित झालेला ‘एलिफंट्स ड्रीम’ हा लघुपट करताना फाउंडेशनने हेच सूत्र वापरले. चित्रपट पुरा होण्याआधीच त्याच्या डीव्हीडी विकल्या आणि चित्रपट बनवता बनवता सॉफ्टवेअरमधल्या उणिवा दूर केल्या.

डायस्पोराचे उलट झाले. २०१० साली न्यू यॉर्क विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी फेसबुकला पर्याय उभारण्यासाठी किकस्टार्टरवर १०,००० डॉलर मागितले. मिळाले दोन लाखांहून जास्त. पण हा पैसा अजून न बनलेल्या वस्तूसाठी होता. पैशाबरोबर अपेक्षाही वीसपट झाल्या आणि २०१२ मध्ये संस्थापकांनी प्रकल्प स्वयंसेवकांच्या हाती सोपवला.

त्याहून अवघड प्रश्न देखभालीचा. नव्या सोयीसाठी लोक खिशात हात घालतात. जुन्या कोडची तपासणी कोणाला दिसतच नाही. इंटरनेटवरचे असंख्य व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ओपन-एसएसएलला देणग्यांतून वर्षाला जेमतेम २००० डॉलर मिळत. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ ही गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा कुठे बड्या कंपन्यांना जाग आली. अशा कामाला एकदाच गोळा केलेली वर्गणी पुरत नाही. कोणाचा तरी पगार दरमहा निघावा लागतो.

ब्लेंडरने ही गरज ओळखून नियमित वर्गणीचा विकास निधी उभारला. त्यात सामान्य वापरकर्त्यांच्या छोट्या रकमांबरोबर कंपन्यांचाही पैसा येतो. २०१९ मध्ये एपिक गेम्सने ब्लेंडर फाउंडेशनला तीन वर्षांसाठी १२ लाख डॉलरचे अनुदान जाहीर केले. एवढी मोठी रक्कम एकाच दात्याकडून आली, तर कामाचा क्रम कोण ठरवणार? तो पुढच्या आठवड्याचा विषय.