ओवाटोनाची बँक आणि तिची वास्तू

जुन्या बाजारपेठेतील बँकेची इमारत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच दगडी खांब येतात. ठेवीदाराने थोडे दबून आत शिरावे आणि आपला पैसा येथे सुरक्षित आहे असे त्याला वाटावे, हा त्या खांबांमागचा हेतू. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, ओवाटोना नावाच्या लहान गावी, नॅशनल फार्मर्स बँकेचे उपाध्यक्ष कार्ल बेनेट यांना मात्र असले खांब नको होते. त्यांचे खातेदार म्हणजे भोवतालचे शेतकरी आणि गवळी.

१९०६ साली लुई सलिव्हन यांचा वास्तुकलेवरील लेख बेनेट यांच्या वाचनात आला, आणि त्यांनी काम सलिव्हन यांनाच दिले. शिकागोतील उंच इमारतींना रूप देणाऱ्या या कलावंताकडे तेव्हा कामे फारशी उरली नव्हती. १९०८ मध्ये वास्तू पूर्ण झाली. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात बँक ऑफ बडोदा स्थापिली, तेच हे वर्ष.

बाहेरून पाहिल्यास ती ६८ फूट लांबीरुंदीची चौकोनी पेटीच वाटते. खाली तांबडा वालुकाश्म, वर विटा. रस्त्याकडच्या दोन्ही भिंतींत एकेक प्रचंड कमान असून तिच्यात रंगीत काचा बसविल्या आहेत. आत ऑस्कर ग्रॉस यांची भित्तिचित्रे आहेत. त्यांत चरणाऱ्या गायी दिसतात, सुगीची शेते दिसतात. ओतीव लोखंडाचे भव्य दिवे सलिव्हन यांचे सहकारी जॉर्ज एल्म्स्ली यांनी आखले. शेतकऱ्यांना बसण्याबोलण्यासाठी निराळी खोली होती, तशी स्त्रियांसाठीही होती.

पुढची हकीगत सुखाची नाही. महायुद्धानंतर शेतमालाचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि १९२६ मध्ये बँक बुडाली. सलिव्हन त्याआधी दोन वर्षे हलाखीत वारले होते. १९४० मध्ये नव्या मालकांनी आतील बरीच मूळ रचना मोडून टाकली. १९५० नंतरच्या दशकात हारवेल हॅमिल्टन हॅरिस यांनी वास्तू पुष्कळशी सावरली. पण मोडलेले सारेच परत आले नाही. १९७६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला.

सुंदर इमारतीने बँक वाचली नाही, हे खरेच. तरीही बँक गेली आणि इमारत गावाची म्हणून राहिली. आपल्या पणजोबांनी खाते उघडलेली एखादी जुनी बँक आपल्याही शहरात असेल. तिची लाकडी गजांची खिडकी अडगळ म्हणून काढायची वेळ येईल, तेव्हा सभासद म्हणून आपण अवश्य विचारावे: काढलेली खिडकी ठेवणार कुठे?