दुखवटा, सार्वजनिक
राष्ट्रीय नेत्याच्या निधनानंतर समाजाने सामुदायिक रीतीने व्यक्त केलेला शोक. त्याचे शासकीय व लोककृत असे दोन प्रकार संभवतात. शासकीय दुखवट्याचे नियम लिखित असतात. भारतात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती वा पंतप्रधान यांचे निधन झाल्यास देशभर राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरविला जातो. लोककृत दुखवट्यास असे नियम नसतात; लोक परिचित कौटुंबिक विधींचाच विस्तार करून तो पाळतात.

हिंदू समाजात सुतक हे परंपरेने भाऊबंदांपुरते मर्यादित असते. नेत्याच्या मृत्यूने ही मर्यादा ओलांडली जाते व सारे गाव जणू सुतकी होते. दुकाने बंद ठेवणे, चौकात हार घातलेली तसबीर मांडून भजन करणे, मूक मिरवणूक काढणे इ. प्रकार यात येतात. शोकसभा, दुखवट्याचा ठराव, काळी फीत व दोन मिनिटांची स्तब्धता ही रूपे पाश्चात्त्य संपर्कातून आली. यांपैकी स्तब्धतेची प्रथा ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबर १९१९ पासून रूढ झाली.

लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर (१ ऑगस्ट १९२०) मुंबईत भर पावसात प्रचंड जनसमुदाय लोटला आणि खास परवानगीने गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. महात्मा गांधींच्या अस्थी निरनिराळ्या प्रांतांत पाठविण्यात आल्या व १२ फेब्रुवारी १९४८ रोजी प्रयागच्या त्रिवेणी संगमाबरोबरच अन्यत्रही विसर्जित झाल्या. त्यामुळे दूरच्या लोकांनाही आपल्याच नदीकाठी अंत्यविधीत सहभागी होता आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले, त्या वेळी असंख्य अनुयायांनी धम्मदीक्षा घेतली. येथे शोकाला संकल्पाचे रूप आले. चैत्यभूमीवर दरवर्षी जमणारा समुदाय अभिवादनाबरोबरच ग्रंथखरेदीही आवर्जून करतो.

नेत्याची हत्या झाली असता शोकाचे रूपांतर सूडात होण्याचा धोका असतो. गांधीहत्येनंतर, मारेकरी ब्राह्मण असल्याच्या कारणावरून, पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर (३१ ऑक्टोबर १९८४) एकट्या दिल्लीत, शासकीय आकडेवारीनुसार, २,७३३ शीख मारले गेले. ‘आपले’ कोण हे दुखवटा ठरवितो, तसेच ‘परके’ कोण हेही तो ठरवू शकतो. ज्यांच्याविषयी संशय पसरविला जातो, त्यांनाही शोकात सामावून घेतले जाते किंवा नाही, यावर त्याचे सामाजिक मूल्य अवलंबून असते.

कालांतराने दुखवट्याची जागा पुण्यतिथी घेते. ३० जानेवारी हा हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो व सकाळी ११ वाजता दोन मिनिटे स्तब्धता राखली जाते.